लाल ठिपक्याचा पेला

माझ्या पेल्याच्या बुडाला लाल ऑइलपेंटचा एक ठिपका होता. व्यास सहा मिलिमीटर, एका बाजूला कडा किंचित ओघळलेली. पेला पितळी, आतून कल्हई केलेला, बाकीच्या पेल्यांसारखाच. बागेतल्या उपाहारगृहात पेले टेबलावर पालथे मांडायची पद्धत होती, म्हणून ठिपका दिसायचा. पेला सुलटा करून त्यात पाणी ओतलं की तो खाली जायचा आणि पिणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नसे.

पहिल्या दोन वेळा मी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या वेळी दिलं. पुढच्या चार वेळा मुद्दाम जागा बदलून बसले. एकदा खिडकीशी, एकदा आईच्या पलीकडे, एकदा धाकट्या बहिणीला, लीलाला, उठवून तिच्या खुर्चीवर, एकदा दाराकडे पाठ करून. आम्ही बसलो की भिकू वाढपी ट्रे घेऊन यायचा आणि पेले मांडायचा. सातही वेळा ठिपक्याचा पेला माझ्यापुढे आला. उपाहारगृहात साठेक पेले असतील. हे योगायोगानं घडण्याची शक्यता किती, ते मी कागदावर मांडून पाहिलं नाही. त्याची गरज नव्हती.

रंगही मी ओळखला होता. पोळ्याला वडील, म्हणजे आबा, बैलांची शिंगं रंगवत, त्या रंगाचा डबा आमच्या माळ्यावर असे. आबा त्यात गेरू मिसळत, त्यामुळे तो बाजारच्या लाल रंगापेक्षा थोडा विटकरी दिसे. असा रंग आमच्या माले गावातच नव्हे, सगळ्या मुळशीत दुसऱ्या कुणाच्या बैलांच्या शिंगांवर मी पाहिला नव्हता.

मी सतरा वर्षांची असताना माझ्या डाव्या मनगटावर पांढरा डाग उठला. मग उजव्या हाताच्या दोन बोटांवर, मग ओठाच्या कोपऱ्यात. लोक त्याला कोड म्हणतात. कातडीतला रंग तेवढ्या जागेपुरता नाहीसा होतो, एवढंच त्यात घडतं. दुखत नाही, खाजत नाही, शिवल्यानं लागत नाही, उष्ट्यातून जात नाही. मी दर महिन्याच्या एक तारखेला शाळेतल्या कर्कटकानं तिन्ही डाग मोजते. गेल्या सहा वर्षांत त्यांच्यात फरक पडलेला नाही. हे मी आईला पुष्कळदा सांगितलं. आई मान हलवायची आणि माझी कपबशी फळीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायची. "मला ठाऊक हाय गं," ती म्हणायची. "पर येनाऱ्या-जानाऱ्याला ठाऊक न्हाई न्हवं."

आबांनी मला वैद्य दाखवले, पुण्याचे डॉक्टर दाखवले, आणि एके दिवशी म्हणाले, "लगीन व्हायचं न्हाई म्हंता, तर शिकू दे तिला." अशी मी पुण्याला गेले, बी.एस्सी. झाले, आणि पौडच्या शाळेत शास्त्र शिकवायला लागले. मालेच्या फाट्यावरून सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी. शाळेत मला रंभाबाई म्हणत. मुलं माझ्या हाताकडे आठवडाभर बघत, मग विसरून जात. मोठी माणसं विसरत नसत.

घरी कुणी परका आला आणि त्यानं विचारलं, "हैबतराव, मुली किती तुम्हांला?" की आबा म्हणायचे, "हायेत, देवाच्या दयेनं." आकडा सांगायचे नाहीत. बारा वर्षांत त्यांनी एकाही परक्या माणसापुढे माझ्याकडे हात करून 'ही माझी थोरली' असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. पण 'एकच मुलगी' असंही कधी म्हटलं नाही. आई म्हणायची, "सांगून टाका की एकच हाय म्हनून. लीलीचं तरी हुईल." आबा म्हणायचे, "बगू."

मला त्यांच्या तोंडून ते एक वाक्य ऐकायचं होतं. दुसरं काही मी मागितलं नव्हतं. तेही तोंडानं मागितलं नव्हतं.

बाग पंचावन्न साली झाली. एका निवृत्त कंत्राटदारानं धरणाच्या पाण्याकाठी जमीन घेऊन ती काढली होती. सिमेंटचा हत्ती, त्याच्या सोंडेवरून मुलं घसरायची. हातानं फिरवायचा पाळणा. आंब्याच्या झाडाभोवती रूळ टाकून पत्र्याचं इंजिन आणि दोन डबे, ते एक माणूस मागून ढकलायचा. पौडच्या ताजुद्दीनचा फोटोचा तंबू, त्यात कापडावर रंगवलेलं विमान. आणि मधोमध पत्र्याच्या छपराचं उपाहारगृह. त्याच्या दारावर पाटी होती: 'येथे कुटुंबासह बसून जेवण्याची सोय आहे.' पुण्याची माणसं रविवारी मोटारीतून येत. आमच्यासारखे आसपासचे लोक वर्षातून एकदा-दोनदा. लीलाचा निकाल लागला की आबा आम्हांला तिथं जेवायला नेत. आंबेमोहोराचा भात, आमटी, दोन भाज्या, पोळी, वैशाखात आमरस. आबा घरी कधी खुर्चीवर बसून जेवले नसतील, पण तिथं ताठ बसून जेवत आणि दर वेळी म्हणत, "ह्यो भात आपल्याकडनंच जातो बरं का ह्यांना."

पेल्याची हकीकत भिकूनं मला आपण होऊन सांगितली. तो चाळिशीचा, कोळवणचा माणूस, बोलका. "बाई, रागावू नका," तो म्हणाला, "पयल्या वर्षी मालक म्हनले, गिऱ्हाइकं कुरकुर करत्यात. ह्यांना आनू नका म्हनावं. तवा आबा दुसऱ्या दिशी घरचा पेला घिऊन आले, खूण करून. म्हनले, ह्यातच देत जा तिला, पर न्हाई म्हनू नका. मी जपतो त्यो पेला. दुसऱ्या कुनापुढं जाऊ देत न्हाई."

मी त्याला बरं म्हटलं. आबांनी मला त्या टेबलावर बसवून घेण्यासाठी तो पेला आणला होता, आणि मला वेगळं काढल्याची खूणही त्यांनीच, स्वतःच्या हातानं केली होती. दोन्ही खरं होतं. मी आबांना कधी विचारलं नाही.

लीला माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मला डाग उठले तेव्हा ती आठ वर्षांची. आमच्या आत्यानं एकदा तिला माझ्या ताटातली भाकरी खाताना हाताला धरून उठवलं. लीलानं दोन दिवस अन्न घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्या ताटातल्या भाकरीचा कोपरा माझ्या डागाच्या बोटांनी मोडला, तेव्हा तो उचलून तिनं तोंडात घातला, आत्याकडे बघत. तेव्हापासूनची तिची सवय अशी की मी पहिला घास घेतल्याशिवाय ती जेवायला सुरुवात करत नसे. वीस वर्षांची झाली तरी.

तिला तीन स्थळं येऊन गेली. एक पिरंगुटचं, एक कोळवणचं, एक पौडातलंच. तिन्ही घरांना माझ्याबद्दल आधीच माहीत होतं, किंवा आठ दिवसांत कळलं. पिरंगुटच्यांनी निरोप धाडला की मुलगी चांगली आहे, पण रक्ताचं काय सांगावं. तिसऱ्या वेळेनंतर लीला परसात भांडी घासत बसली. घासलेली भांडी पुन्हा घासत होती.

मार्चमध्ये मला रेल्वेनं दीड दिवसावर असलेल्या चांद्याच्या एका मुलींच्या शाळेचं पत्र आलं. शास्त्राची शिक्षिका हवी होती, राहायला खोली होती. मागल्या वर्षीही आलं होतं, तेव्हा मी उत्तर पाठवलं नव्हतं. या वेळी पत्र पर्समध्ये ठेवलं. मे अखेरपर्यंत कळवायचं होतं. घरात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आईनं "जाऊ नको" म्हटलं असतं, आणि तिच्या आवाजात सुटकेचा अंश मला ऐकू आला असता. आबा "बगू" म्हणाले असते.

एप्रिलमध्ये आईच्या नात्यातले कुशाबामामा जुन्नरच्या पलीकडचं स्थळ घेऊन आले. चार खंडी भाताची जमीन, मुलगा तालुक्याला ओव्हरसियर. लांबचं गाव, आमची कुणाला माहिती नाही. लग्न त्यांच्याच दारात.

"एकच अट," कुशाबामामा म्हणाले. मी चहा ठेवत होते, माझ्याकडे न बघता म्हणाले, "थोरली दिसता कामा न्हाई."

लीला आतून म्हणाली, "अक्का नसंल तर मी बाहेरच येनार न्हाई. काय करायचं ते करा."

"आगं, चार तासाचा परश्न हाय!"

"तर मग चार तास मी हितंच बसते."

दोन दिवस गेले. शेवटी तोडगा मी काढला. घरी कार्यक्रम केला तर शेजारी डोकावणार, गल्लीतलं कुणीतरी 'रंभा कुटं हाय?' म्हणून हाक मारणार. बागेत भिकू सोडला तर आम्हांला ओळखणारं कुणी नाही, आणि त्याला आधी सांगून ठेवता येईल. पाहुण्यांना बागही दाखवता येईल. मी आधीच जाऊन कोपऱ्यातल्या टेबलावर पुस्तक घेऊन बसेन, एखादी एकटी आलेली शिक्षिका असावी तशी. लीलाला मी दिसेन, बाकी कुणाचा संबंध नाही. आईनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "तुझं डोकं लई चालतं बाई." आबा उठून गोठ्याकडे गेले.

शनिवारी शाळेतून येताना मी बागेत उतरले आणि भिकूला सांगून ठेवलं. "उद्या आबांचं टेबल. सात जण आहेत. पाहुणे आहेत, तेव्हा आधीपासून मांडून ठेवा." मी वेगळी बसणार, हे त्याला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणण्यापेक्षा, तेवढं वाक्य मला तोंडातून काढता आलं नाही. वाटलं, मला कोपऱ्यात बसलेली बघेल तेव्हा समजेल.

रविवारी मी अकरा वाजता कोपऱ्यात जाऊन बसले. पदर डोक्यावरून घेऊन ओठाच्या बाजूनं पुढे ओढला होता. भिकू मागे स्वयंपाकघरात होता. आबांच्या टेबलावर सात ताटं आणि सात पालथे पेले मांडून झाले होते. साधारण चार मीटर अंतर. खिडकीतून ऊन येत होतं, आणि टेबलाच्या टोकाच्या पेल्यावर लाल ठिपका मला इथून दिसला.

भिकूनं सातांत मला धरलं होतं.

मी उठायला लागले, तोच दारातून कुशाबामामांचा आवाज आला, "या, या, हितं वारं चांगलं लागतंय." मागून पाहुणे. मी खाली बसले.

मुलाचे वडील कोंडाजी, उंच, पांढऱ्या मिशांचे. आई गोजराबाई, ठेंगणी, सगळीकडे बघत येणारी. मुलगा बहिरू, पँट घातलेला, घामानं ओला. आबा, आई. लीलानं माझी हिरवी साडी नेसली होती. ती टेबलाशी येईपर्यंत तिनं मला शोधलं आणि मग खाली बघितलं.

ठिपक्याचा पेला गोजराबाईंच्या पुढे आला.

"हत्ती बगितला का?" कुशाबामामा म्हणाले.

"बगितला," गोजराबाई म्हणाल्या. "आमचे हे सोंडंवरनं घसरनार हुते. मी म्हनलं, आदी मुलगी बगा, मग घसरा."

कोंडाजी हसले. आबाही हसले. बहिरूनं लीलाकडे पाहिलं आणि लीलाच्या गालाच्या कडेला काहीतरी हललं. तिला तो आवडला होता, हे मला चार मीटरवरून कळलं. तीन वेळांत असं झालं नव्हतं.

"मॅट्रिक झाली न्हवं?" कोंडाजींनी विचारलं.

"व्हय," आबा म्हणाले. "पयल्या झटक्यात."

"आमच्या बहिरूला दोन झटके लागले," गोजराबाई म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू?"

"आई," बहिरू म्हणाला.

"आई काय आई? लपवून ठिवायचं आसतंय व्हय ह्या गोष्टीत?"

आमच्या आईनं पदर सारखा केला.

भात आला, आमटी आली, वाटीतून आमरस आला. एक दुसराच वाढपी वाढत होता. त्यानं मलाही ताट आणून ठेवलं, पाणी नाही. मी हात लावला नाही. पुस्तकाचं पान उलटलं. सगळे जेवायला लागले. लीला ताटावर हात ठेवून बसली होती. मी विसरले होते. सवयीचा मी विचारच केला नव्हता. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती.

मी भाताचा घास घेतला. उशीर झाला होता.

"काय गं पोरी, जेवत का न्हाईस?" गोजराबाई म्हणाल्या. "आमच्यापुढं लाजू नकोस. मी बग, भूक लागली की मी नवऱ्याला बी वळखत न्हाई." त्यांनी पाण्यासाठी पेला उचलला आणि सुलटा करता करता थांबल्या. "आगं बाई. तुमच्याकडं पेल्याला बी कुंकू लावत्यात व्हय?"

आबांचा घास हातात राहिला.

भिकू तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन आतून येत होता. त्यानं पेला पाहिला, गोजराबाईंना पाहिलं, मग टेबलावरची माणसं मोजावीत तशी नजर फिरवली. मी त्यांत नव्हते. तो धावलाच.

"मावशी, त्यो नगं! त्यो र्‍हाऊ द्या. दुसरा देतो."

"का रं? फुटका हाय का?"

"न्हाई, त्यो... त्यो बाईंचा हाय."

"कुठल्या बाईंचा?"

भिकूला काही कळेना. त्याला मी दिसले. चेहरा उजळला त्याचा, हरवलेली वस्तू सापडावी तसा. "ह्या काय, ह्या बसल्यात की! बाई, तुमी तितं का बसलाय? मी हितं मांडलं हुतं तुमचं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. पदर कधी मागे सरकला होता ते मला कळलं नव्हतं. उजव्या हाताच्या दोन बोटांना भात लागलेला होता. गोजराबाईंनी माझा ओठ पाहिला, बोटं पाहिली, हातातला पेला पाहिला, आणि तो हळूच टेबलावर ठेवला. बोटं पदराला पुसली. त्यात दुष्टपणा नव्हता. चटका बसल्यावर माणूस हात मागे घेतं, तसं ते होतं.

मग त्यांनी लीलाकडे पाहिलं. लीला रडत होती. आवाज न करता, ताठ बसून, ताटाला हात न लावता.

"हैबतराव," कोंडाजी शांतपणे म्हणाले, "ह्या बाई कोन तुमच्या?"

कुशाबामामा म्हणाले, "आवो, कोन न्हाई, आसंल कुनी—"

"मी ह्यांना इचारलं."

बाहेर पत्र्याच्या इंजिनाची घंटा वाजली. ढकलणारा माणूस मुलांना 'हात आत घ्या, हात आत' म्हणत होता. आईनं टेबलाखाली आबांचं धोतर धरलं होतं, ते मला इथून दिसत होतं.

आबांनी हातातला घास ताटात परत ठेवला. बोटं निपटली. तांब्यातलं पाणी ताटाच्या कडेला हातावर घेतलं, हात पुसला. घाई केली नाही. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, सरळ, दोन्ही डोळ्यांनी, आणि माझ्या दिशेनं उजवा हात उचलला. त्यांचा चेहरा मी एकोणतीस वर्षं पाहत आले आहे. पाऊस येणार की नाही ते मला त्यावरून कळतं. आबा आता खरं सांगणार होते. पेल्याला रंग लावलेला तो हात होता, आणि 'ही' हा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता.

बारा वर्षं मी त्याची वाट पाहिली होती. ते वाक्य पुरं झालं असतं तर कोंडाजी उठले असते, गोजराबाई उठल्या असत्या, बहिरूनं एकदा मागे वळून पाहिलं असतं. परसात लीला पुन्हा भांडी घासत बसली असती. त्यानंतर स्थळ आलं नसतं. आबांनी एकदा ते उच्चारल्यावर मला घर सोडून जाता आलं नसतं, आणि मी त्या घरात असेपर्यंत लीला तिथून निघाली नसती. याहून वेगळं काही निघतं का ते मी तेवढ्या वेळात पाहिलं. निघत नव्हतं.

"ही—" आबा म्हणाले.

मी उठले. खुर्ची फरशीवर वाजली. पर्स उघडून चांद्याचं पत्र बाहेर काढलं, हातांना काहीतरी हवं होतं म्हणून. त्यांच्या टेबलापाशी गेले आणि ठिपक्याचा पेला उचलून घेतला.

"मी पौडच्या शाळेत शिक्षिका आहे," मी गोजराबाईंना म्हणाले. "लीला माझी विद्यार्थिनी. हैबतरावांकडे खोली घेऊन राहत होते. बसून जेवा तुम्ही."

आबांचा हात अजून वर होता.

"मला चांद्याच्या शाळेत नोकरी मिळाली आहे, हैबतराव," मी म्हणाले. "तुम्हांला सांगायचं राहिलं होतं. उद्या होकार टाकते आणि जूनच्या आधी जाते. परत यायची नाही मी."